बातमी कळण्याचा प्रसंग : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२६

अभिनयाच्या शिबिरात मी एक प्रसंग हमखास देते. फोन वाजतो, तुम्ही उचलता, पलीकडून कळतं की जवळचं माणूस गेलं. पुढचं तुमचं तुम्ही करा. डिसेंबरच्या शिबिरात चौदा जणांनी हा प्रसंग केला आणि चौदाही जण फोन ठेवायच्या आत रडले. दोघांनी जमिनीवर बसकण मारली, एकाने मोबाइल हातातून सोडला. रडणं खोटं नव्हतं, काहींच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तरी मागच्या खुर्चीत बसलेली मी कोरडीच राहिले. मुलांचा दोष नाही. नेमकं काय शोधा हे मला त्यांना सांगता आलं नाही, कारण ते मलाच धड ठाऊक नाही.

म्हणून हा प्रकल्प. सहा-सात चित्रपट, ज्यांत कुणाला तरी एक बातमी कळते. प्रत्येक चित्रपट दोनदा पाहायचा. पहिल्यांदा वही बंद ठेवून, दुसऱ्यांदा वही उघडी ठेवून, लागेल तिथे मागे नेत. वहीत तीन रकाने आखले आहेत. पहिला, प्रेक्षकाला कधी कळतं. दुसरा, पात्राला कधी कळतं. तिसऱ्याला अजून नाव सुचत नाही, पण तो लागणार असं वाटतंय. पुढचं शिबिर २१ फेब्रुवारीला आहे, तोवर हातात काहीतरी हवं.

७ जानेवारी

जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा ‘इकिरू’, १९५२. सुरुवातच या चित्रपटाने केली ते बरं झालं.

पहिलीच चौकट पोटाच्या एक्स-रेची. निवेदक सांगून मोकळा होतो की हे आपल्या नायकाचं पोट, त्यात कर्करोग आहे आणि त्याला त्याचा पत्ता नाही. पहिला रकाना पहिल्याच मिनिटाला भरला. नायक वातानाबे, सरकारी कचेरीत कागदांवर शिक्के मारत म्हातारा झालेला विभागप्रमुख. ताकाशी शिमुरा यांनी त्याला असा वाकवलाय की मान आणि खांदे यांच्यात जागाच उरलेली नाही.

दवाखान्यात शेजारी बसलेला एक बोलघेवडा रुग्ण त्याला ऐकवतो की डॉक्टर खरं सांगत नाहीत. ते म्हणतील साधा अल्सर आहे, शस्त्रक्रियेची गरज नाही, सोसेल ते खा. असं म्हणाले की समजायचं, वर्षही हातात नाही. थोड्या वेळाने डॉक्टर जवळपास तेच शब्द म्हणतात. एकेक वाक्य धीराचं, आणि प्रत्येक वाक्यागणिक म्हातारा खचत जातो. बातमी द्यायला लेखकाने बातमी लपवणारीच वाक्यं वापरली आहेत. हे लिहिताना माझा हात थांबला, इतकं ते नेमकं आहे.

मग तो रस्त्यावर येतो. वाहनं चाललीत, माणसं चाललीत, आणि आवाज कसलाच नाही. पहिल्यांदा पाहताना मला वाटलं माझ्याच स्पीकरची वायर निघाली. वातानाबे चालत राहतो आणि एक ट्रक अंगावर यायच्या बेताला सगळा गोंगाट एकदम कोसळतो. म्हणजे इतका वेळ आपण त्याच्या कानांनी ऐकत होतो.

८ जानेवारी

तिसऱ्या रकान्याला नाव मिळालं : अंगाला कधी कळतं.

कारण रस्त्यावरच्या त्या माणसाला कळलेलं असलं तरी त्याच्या अंगात ते उतरलेलं नाही. तो रात्र रात्र दारू पितो, नाचगाण्याच्या ठिकाणी भटकतो, कचेरीतली नोकरी सोडणाऱ्या हसऱ्या तरुण मुलीच्या मागे मागे फिरतो. निम्मा चित्रपट उलटल्यावर एका उपाहारगृहात ती त्याला आपण कारखान्यात बनवतो तो खेळण्यातला ससा दाखवते आणि म्हणते, तुम्हीही काहीतरी बनवा ना. तिथे त्याचा चेहरा पालटतो. ससा हातात धरून तो घाईघाईने जिना उतरू लागतो. वरच्या कठड्याशी तरुण मुलामुलींचा घोळका वाढदिवसाचं गाणं म्हणतोय. ते गाणं जिना चढून येणाऱ्या दुसऱ्याच एका मुलीसाठी आहे, पण ते बरसतं याच्यावर.

दवाखान्यापासून जिन्यापर्यंतचं अंतर, हाच चित्रपट. मुलांनी हे अंतर शून्यावर आणलं होतं. फोन आणि रडणं यांच्यामध्ये त्यांनी काही ठेवलंच नाही.

१० जानेवारी

‘इकिरू’चा शेवटचा तृतीयांश पुन्हा पाहिला. नायक तिथे हयातच नाही, फोटोसमोर बसलेले सहकारी त्याच्याबद्दल बोलताहेत. त्यांना एकेक गोष्ट कळत जाते, पिऊन हुंदके देतात, शपथा घेतात आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळं पूर्ववत. यांना कानाला कळलं, अंगाला कधीच नाही. तिसरा रकाना रिकामाही राहू शकतो, हे नोंदवून ठेवते. बर्फात झोपाळ्यावर बसून गाणाऱ्या वातानाबेबद्दल सगळ्यांनीच इतकं लिहिलंय की मी फक्त एवढंच लिहीन : झोका फार मंद आहे, पाय जमिनीवरून जेमतेम सुटतात.

१४ जानेवारी

ओझूंचा ‘टोकियो स्टोरी’, १९५३. म्हातारे आईवडील मुलांकडे टोकियोला येतात, मुलांना वेळ नसतो, ते परततात, आणि लगोलग आई अत्यवस्थ असल्याची तार येते.

तारेनंतरचं बोलणं मी चार वेळा पाहिलं. मोठी मुलगी आणि मोठा मुलगा निघायची तयारी करताहेत. शोकाचे कपडे बरोबर घ्यायचे का, असा प्रश्न मुलगी काढते. घेऊन जाऊ, लागू नयेत म्हणजे झालं. आवाज अगदी रोजचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तिचा राग आला होता. दुसऱ्यांदा नाही आला. जी व्यक्ती सामान भरते तिला कपड्यांचा विचार करावाच लागतो. विधवा सून नोरिको, म्हणजे सेत्सुको हारा, तिला ऑफिसात फोनवर कळतं. ती जागेवर येऊन बसते. बस्स. कॅमेरा तिच्या तोंडाशी जात नाही, संगीत येत नाही.

आईचं जाणं दाखवलेलंच नाही. रात्री डॉक्टर असलेला मोठा मुलगा सांगतो की सकाळपर्यंत टिकणं कठीण. पुढच्या चौकटी गावातल्या पहाटेच्या, त्यांत कुणी माणूस नाही. त्यानंतर घर, आणि सगळं झालेलं. वडील खोलीत नसतात. नोरिको त्यांना शोधत बाहेर जाते तर ते एकटेच उभे. पहाट किती सुंदर होती, म्हणतात. आज उकडणार, म्हणतात.

या दोन वाक्यांवर मला शिबिराचा एक अख्खा दिवस घ्यायचाय. चिशू ऱ्यू तेव्हा ४९ वर्षांचे होते आणि सत्तरीचा बाप उभा करत होते. त्यांनी आवाज कापरा केलेला नाही, पाठही फारशी वाकवलेली नाही. त्यांनी फक्त प्रत्येक वाक्याआधी किंचित उशीर केलाय.

१५ जानेवारी

धाकट्या मुलाबद्दल काल लिहायचं राहिलं. तो उशिरा पोचतो, आई गेलेली असते. अंत्यविधी चालू असताना तो उठून बाहेर येऊन बसतो. नोरिको विचारायला येते तेव्हा तो सांगतो की आत चाललेला तो लाकडी ठोक्यांचा आवाज सहन होत नाही, प्रत्येक ठोक्याला आई लहान लहान होत चालल्यासारखं वाटतं. अंगाला कळण्याचं याहून नेमकं वर्णन मला या प्रकल्पात दुसरं मिळेल असं वाटत नाही. तो रडत नाही. त्याला फक्त तो आवाज नकोय.

आणि वडिलांचा तिसरा रकाना? मी शेवटच्या दृश्यासमोर टाकला. बाहेरगावची मुलं परत गेली आहेत. खिडकीबाहेरून जाणारी शेजारीण चौकशी करते. पहिल्या दृश्यात तीच शेजारीण याच खिडकीतून बोलली होती, तेव्हा नवराबायको मिळून प्रवासाची बॅग भरत होते. चौकट तीच, माणूस एक कमी. असं होणार हे माहीत असतं तर तिच्याशी अधिक मायेने वागलो असतो, असं ते म्हणतात. मग पंखा हलवत बसून राहतात.

१९ जानेवारी

‘पथेर पांचाली’, १९५५. कितव्यांदा हे मोजत नाही.

इथे रकाने उलटेपालटे आहेत. दुर्गा गेली हे प्रेक्षकाला माहीत, आई सर्वजयाला माहीत, बाप हरिहरला नाही. बरेच दिवस परगावी राहून तो आनंदात परततो, मुलांना हाका मारतो. सर्वजया त्याला काही सांगत नाही. पाणी आणून ठेवते. तो एकेक वस्तू काढून दाखवतो, ती पाहते न पाहते. शेवटी तो दुर्गासाठी आणलेली साडी काढून तिच्या हातात देतो. ती साडी ती तोंडाशी दाबते आणि कोसळते.

तिचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई वरच्या पट्टीत किंचाळते. सत्यजित राय यांनी माणसाचा आवाज काढून घेऊन तिथे वाद्य ठेवलं. मी या दृश्यात डोळे मिटून पाहिले, तर नुसत्या सुरांनीही पोटात खड्डा पडतो. मग आवाज बंद करून पाहिलं. करुणा बॅनर्जींचा उघडा जबडा नुसता पाहणं फार अवघड गेलं.

शिबिरासाठी मला यातलं संगीत उपयोगाचं नाही, पाण्याचं भांडं उपयोगाचं आहे. जिला सगळं माहीत आहे ती आधी पाणी आणते. रोजच्या कामाला जितकं ती धरून राहते तितकं आपल्याला कळतं की हात सुटणार.

अपूचं वेगळंच. बहीण गेल्यावर तो स्वतःचे केस स्वतः विंचरतो. बाहेर पडताना आभाळाकडे बघतो आणि छत्री घ्यायला मागे फिरतो. आता त्याला छत्री घे असं सांगणारं कुणी नाही. त्याच्या अंगाला कळलंय ते एवढ्यातच. अगदी शेवटी, घर सोडण्यासाठी आवराआवर चालू असताना, दुर्गाने चोरलेली माळ त्याला फळीवर सापडते. ती तो तळ्यात फेकतो, शेवाळ बाजूला होतं आणि हळूहळू पुन्हा मिटतं. बहिणीचं गुपित त्याने राखलं, तेही कुणाशी एक शब्द न बोलता.

२४ जानेवारी

काल एक नवा चित्रपट पाहिला, नाव लिहीत नाही. बातमी आली, पाऊस आला, व्हायोलिन आलं, नायिका गुडघ्यावर आली. सगळं एकाच मिनिटात. नटी गुणी आहे, तिला कुणी वेळच दिला नाही. तिसरा रकाना भरता येत नाही, पुढे सरकते.

२६ जानेवारी

‘मँचेस्टर बाय द सी’, २०१६. लेखन-दिग्दर्शन केनेथ लोनरगन. पटकथेला ऑस्कर मिळालं, केसी अॅफ्लेकला अभिनयाचंही.

ली नावाचा माणूस, भाऊ वारला म्हणून गावी येतो. पुतण्या पॅट्रिकला सांगायचं काम त्याच्यावर. पॅट्रिक बर्फावर हॉकीच्या सरावात आहे. ली त्याला सांगतो ते आपण लांबूनच पाहतो, शब्द कानावर पडत नाहीत. नेमकी बातमीच ऐकू न देणं, हा धडा मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलाय.

नंतर पॅट्रिकला वडिलांना पाहायचं असतं. तो दारापर्यंत जातो, एक नजर टाकतो आणि लगेच वळतो. मित्र, मैत्रिणी, गाण्याचा बँड, सगळं चालू ठेवतो. मला वाटत होतं, मुलगा निबर आहे. मग एका रात्री तो फ्रीजर उघडतो, गोठवलेल्या मांसाची पाकिटं खाली पडतात, ती परत नीट बसेनात, आणि त्याला श्वास घेता येईनासा होतो. थंडीने जमीन इतकी कडक झालीय की वडिलांना पुरता येत नाही, वसंतापर्यंत त्यांना शीतगृहात ठेवावं लागणार, हे त्याला आधीच सांगितलेलं असतं. त्याने तेव्हा विरोध केला होता, पण शब्दांनी. फ्रीजरसमोर शब्द संपतात.

हे दृश्य ज्याने लिहिलं त्याला शोक कुठून शिरतो हे माहीत आहे.

मतभेदही नोंदवते. लीच्या घराला आग लागते त्या भागावर अडाजिओचे, म्हणजे संथ पाश्चात्त्य संगीतरचनेचे, स्वर ओतलेले आहेत, आणि ते इतके मोठे आहेत की काय वाटून घ्यायचं हे मला आधीच सांगितलं जातं. त्याच भागात एक चौकट अशी आहे की जिला संगीताची गरजच नव्हती. लीच्या बायकोला स्ट्रेचरवरून रुग्णवाहिकेत चढवताना स्ट्रेचरचे पाय दुमडत नाहीत. कर्मचारी ढकलतात, अडतं, पुन्हा ढकलतात. जग बुडालंय आणि एक खटका लागत नाही. संगीत काढून मी तेवढा भाग पाहिला. कितीतरी पटीने जड वाटला.

२८ जानेवारी

आज काम झालं नाही, कारण लिहिते.

शिबिराच्या टिपणाला मथळा देत होते, ‘चित्रपट परीक्षण’. ‘परी’ की ‘परि’, असं अडलं आणि हात मोबाइलकडे गेला. माझी एक मैत्रीण होती, ऱ्हस्वदीर्घ तिला विचारायचा माझा वीस वर्षांचा शिरस्ता. ती गेल्या सप्टेंबरात गेली. फोन आला तेव्हा मी ‘हो, कळलं’ म्हटलं होतं आणि हातातले मोजे जोडीने लावून पूर्ण केले होते. त्या दिवशी मी रडले नाही, पुढेही नाही, आणि त्याचं मला कुठेतरी वाईट वाटत होतं.

आज तिचं नाव पडद्यावर उघडून बसले. शेवटचा निरोप तिचाच होता : ‘दीर्घ गं, दीर्घ.’ कुठल्या शब्दाबद्दल ते आता आठवत नाही.

वही मिटली.

३ फेब्रुवारी

पुन्हा सुरुवात. हामागुचींचा ‘ड्राइव्ह माय कार’, २०२१. तीन तासांना एक मिनिट कमी.

नट-दिग्दर्शक काफुकू घरी येतो तर बायको जमिनीवर पडलेली. त्या दिवशी ती त्याच्याशी काहीतरी बोलणार होती, आणि तो ते टाळायला मुद्दाम उशिरा घरी आला होता. यानंतर, चित्रपट सुरू होऊन चाळीसेक मिनिटं झाल्यावर, श्रेयनामावली येते. इतका वेळ होती ती प्रस्तावना, असं सांगितल्यासारखं. पुढे दोन वर्षं उलटली आहेत.

बायकोने त्याला संवाद पाठ करण्यासाठी कॅसेट करून दिली होती. चेकॉव्हच्या ‘अंकल वान्या’ या नाटकातले इतर सगळ्यांचे संवाद तिच्या आवाजात, आणि वान्याच्या वाक्यांपुरती मोकळी जागा. ती गेल्यावरही तो आपल्या लाल साब गाडीत तीच कॅसेट लावतो आणि मोकळ्या जागेत आपली वाक्यं म्हणतो. दोन वर्षं ती बोलते, तो उत्तर देतो, आणि दोघांचंही एक वाक्य स्वतःचं नाही. कुठलाही हुंदका या कॅसेटच्या जवळपास पोचणार नाही.

माझ्या कामाची गोष्ट मात्र तालमीची. काफुकू नटांना टेबलाभोवती बसवून संहिता वाचायला लावतो आणि भावना घालू देत नाही. सपाट वाचा, हळू वाचा, शब्द ऐका. नट वैतागतात. मग एक दिवस बागेत दोघींचा प्रवेश होतो आणि त्यांच्यात काहीतरी घडतं, सगळ्यांना ते दिसतं, नेमकं काय ते कुणी सांगत नाही. मी उलट करत आले. आधी भावना मागितली, शब्द नंतर आले तर आले.

काफुकूच्या अंगाला कळतं ते अगदी शेवटाकडे, बर्फात, गाडी चालवणाऱ्या मुलीच्या पडलेल्या घराच्या अवशेषांसमोर. जेव्हा दुखायला हवं होतं तेव्हा आपण नीट दुखू दिलं नाही, असं तो बोलून दाखवतो. हे बोलून दाखवणं पहिल्या खेपेला मला जास्त झालं असं वाटलं. दुसऱ्या खेपेला वाटलं की ज्या माणसाने तीन तास फक्त दुसऱ्याची वाक्यं म्हटली, त्याला एकदा स्वतःचं वाक्य म्हणू द्यायला हवं. आणि लगेच पुढे रंगमंचावर ‘अंकल वान्या’तल्या सोन्या या पात्राचं शेवटचं भाषण, कोरियन खुणांच्या भाषेत. ती नटी वान्या झालेल्या काफुकूच्या पाठीमागून दोन्ही हात पुढे आणते आणि त्याच्या छातीसमोर बोलते. प्रेक्षागृहात आवाज नाही.

९ फेब्रुवारी

‘आफ्टरसन’, २०२२, शार्लट वेल्स यांचा पहिला मोठा चित्रपट. पॉल मेस्कल बाप, फ्रँकी कोरिओ अकरा वर्षांची मुलगी. तुर्कस्तानातली सुट्टी, छोट्या कॅमेऱ्यावरची कंपणारी चित्रं. ही चित्रं पाहणारी मुलगी आता मोठी झालीय, बाप तेव्हा होता साधारण त्याच वयाची.

माझा तक्ता इथे मोडला. बापाचं पुढे काय झालं हे चित्रपट सांगतच नाही. पहिले दोन्ही रकाने कोरे, आणि तिसरा काठोकाठ. एका रात्री बाप पलंगावर बसून रडतो, आपल्याला फक्त त्याची उघडी पाठ दिसते. चेहरा दाखवला असता तर मी ‘काय छान रडला’ असं म्हटलं असतं. पाठ पाहून तसं म्हणता येत नाही.

शेवटी विमानतळावर तो मुलीला निरोप देत चित्रण करतो. ती हसत, लपत, पुन्हा डोकावत निघून जाते. चित्र थिजतं, कॅमेरा सावकाश वळतो, मोठी झालेली मुलगी दिसते, तो वळतच राहतो आणि पुन्हा बाप. तो कॅमेरा बंद करतो, पाठ फिरवून लांबलचक मार्गिकेतून चालत जातो आणि दार ढकलतो. दुसऱ्यांदा पाहताना मी वही उघडली होती, पण काही लिहिलं नाही.

१६ फेब्रुवारी

‘अ सेपरेशन’ यादीत होता, तक्त्यात बसत नाही म्हणून मागे ठेवला. फरहादींच्या त्या शेवटात मुलगी न्यायाधीशाला काय उत्तर देते ते आपल्याला कळत नाही, आईवडील दालनाबाहेर काचेच्या दाराच्या अलीकडे-पलीकडे थांबून राहतात. त्यावर वेगळं काम करायचं.

शिबिरासाठी प्रसंग नव्याने लिहिला. हातात एक काम असेल आणि ते पूर्ण करायचं. बातमी मी लांबून येऊन कानात सांगेन, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही. पहिली दहा मिनिटं रडायला मनाई. बोलायचं असेल तर रोजच्यासारखं बोला.

२१ फेब्रुवारी

अकरा जणांनी केला. चार जणांना मनाईचाच ताण आला, ते मला खूश करायला गप्प बसले. एक जण कामच विसरला. एकाने शर्टाचं बटण शिवता शिवता मला शांतपणे विचारलं, ‘ताई, किती वाजता?’ आणि सुई पुन्हा त्याच भोकातून दोनदा नेली. ते चांगलं होतं.

मग डिसेंबरात फोन ठेवायच्या आत सगळ्यात मोठ्याने रडलेली मुलगी आली. तिने चादर घेतली होती. मी कानात सांगितलं. तिने मान हलवली आणि घडी घालत राहिली. टोकाला टोक लावलं, हाताने सपाट केली. चादरीची झाली तेवढी घडी पुरे होती. तिने ती आणखी एकदा दुमडली. मग आणखी एकदा. कापड जाड होत गेलं, दुमडेना, तरी ती दोन्ही तळव्यांनी दाबून ती लहान करत राहिली. कुणी हललं नाही. दहा मिनिटं होऊन गेली होती, ‘थांब’ म्हणायचं काम माझं होतं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.